रेमेई विलार्दागाची वाक्ये

रेमेई विलार्दागा हिच्या वाट्याला आलेले प्रत्येक दुःख मी लिहिलेले आहे. ते लिहायला मला कोणी भाग पाडले नव्हते, आणि लिहिताना माझ्या मनात तिच्याविषयी आकसही नव्हता. मला फक्त शब्द शिकवायचे होते. माझा भाग एवढाच. शेवटी जे ठरले त्यात इतरांचीही संमती होती, आणि ती कशी मिळाली ते मी क्रमाने सांगते.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या शरदात आमची कातालान भाषा आमच्या रिउफ्रेद गावच्या शाळेत परत आली, तेव्हा तिच्याबरोबर पाठ्यपुस्तक आले नाही. चाळीस वर्षांच्या बंदीत ती स्वयंपाकघरात, गिरणीत, फार तर पाद्रीबुवांच्या मागच्या खोलीत बोलली गेली होती, फळ्यावर नव्हे. मुलांना रोजचे शब्द येत होते. येत नव्हते ते वरचे, ज्यांनी माणूस आपल्या मनातली नेमकी गोष्ट नेमकी सांगू शकतो असे शब्द. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला हे सहन होत नव्हते. मी सायक्लोस्टाईलवर स्वतःचे धडे काढले. प्रत्येक धड्यात वीस शब्द, प्रत्येक शब्दाचा अर्थ, आणि अर्थाखाली तो शब्द वापरलेले एक वाक्य. अर्थ पाठ करता येतो. वापर पाठ करता येत नाही. शब्द कोणाच्या तरी अंगावर घडताना दिसावा लागतो.

वाक्याला माणूस लागतो. वर्गातल्या मुलांची किंवा गावातल्या कोणाची नावे वापरायची नाहीत हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून घेतला, कारण रिउफ्रेद लहान आहे आणि येथे आळशी, कंजूष, व्यसनी हे शब्द पत्त्यासकट ओळखले जातात. म्हणून मी एक बाई निर्माण केली: रेमेई विलार्दागा, बेचाळीस वर्षांची विधवा, ब्लांकेर्स गल्लीत नदीच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर राहणारी. सर्व वाक्ये तिची.

वरच्या श्रेणीचे शब्द सुखाचे नसतात, हे ज्याने ते शिकवले आहेत त्याला ठाऊक असते. सुखाला साधे शब्द पुरतात. थंडीने बधिर होऊन हुकमात न राहणाऱ्या बोटांना आम्ही 'बाल्ब' म्हणतो. तेव्हा दोरीवरचे कपडे काढताना रेमेईची बोटे इतकी बाल्ब झाली, की तिला चिमटा उघडता येईना. करायचे राहून गेलेल्या गोष्टीची जी रुखरुख लागते तिला 'रेकान्सा' म्हणतो; तेव्हा मुलगा गळ्याला निळा मफलर गुंडाळून, खोकत, फ्रान्सच्या गाडीत बसला, आणि स्टेशनवर न गेल्याची रेकान्सा रेमेईला जन्मभर पुरली. छत गळले, भिंतीला बुरशी आली, पावाच्या वाळक्या तुकड्यावर तिने तीन दिवस काढले. भाऊ नदीत बुडाला. या शेवटच्या वाक्यावर चौऱ्याण्णव साली एका पालकाने तक्रार केली. मुख्याध्यापकांनी फार आग्रह धरल्यावर मी ते वाक्य खोडले आणि भावाला बार्सेलोनात नोकरीला लावले. चौतीस वर्षे शाळेत, आणि निवृत्तीनंतर सात वर्षे नगर वाचनालयातल्या प्रौढांच्या वर्गात, मी ही वाक्ये वाढवत आणि सुधारत आले. मृत्यूसाठी जो गंभीर शब्द आमच्याकडे आहे, 'त्रास्पास', तो मात्र मी रेमेईला कधी लावला नाही. तो मी एका बिशपला दिला होता. त्यात दया नव्हती. रेमेई मेली असती, तर पुढच्या वर्षीची वाक्ये कोणावर लिहायची हा प्रश्न होता.

वाचनालयातला वर्ग गुरुवारी, पाच ते सात. त्या वर्षी पाच जण होते, आणि सर्वांना कातालानचे वरच्या श्रेणीचे प्रमाणपत्र हवे होते. एव्हारिस्तो हा गावचा पोलीस. त्याला हवालदारकीची बढती मिळवायची होती. नझिहा ही मूळची समुद्रापलीकडच्या नादोरची, नगरपालिकेच्या गृहसेवेत एकट्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांचे न्हाऊमाखू घालणारी. प्रमाणपत्र मिळाले तर तिला त्या खात्याची प्रमुख होता येणार होते. तिच्याइतका नेटका गृहपाठ मी चाळीस वर्षांत फार थोड्यांचा पाहिला.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही बाल्बच्या धड्यापाशी आलो. मी वाक्य फळ्यावर लिहिले.

"बाई, ह्या रेमेईला एकदा तरी लॉटरी लागू द्या की," एव्हारिस्तो म्हणाला. "तीन वर्षं मी ह्या वर्गात नापास होतोय, आणि बिचारीचं छप्पर अजून गळतंयच."

"लॉटरी हा वरच्या श्रेणीचा शब्द नाही."

"मग एखादा नवरा तरी? देखणा? पोलीस खात्यातला?"

सगळे हसले. नझिहा हसली नाही. वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिने कोट घातला होता, पण बटणे लावली नव्हती.

"बाई, एक विचारते, रागवू नका. आजींची परवानगी घेतलीत का तुम्ही?"

"कोणत्या आजींची?"

"रेमेई आजींची. मी एप्रिलपासून जाते त्यांच्याकडे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. ब्लांकेर्स गल्ली, दुसरा मजला, नदीकडची बाजू. म्हातारं माणूस आहे ते, बाई. दार आहे त्यांना, बेल आहे. त्यांच्या भिंतीला बुरशी आलीय, मुलगा विचारत नाही, हे तुम्ही फळ्यावर लिहायचं आणि आम्ही वहीत उतरवायचं? एव्हारिस्तो दात काढतो. मला नाही सहन होत."

मी तिला शांतपणे सांगितले, की ही बाई मी एक्केचाळीस वर्षांपूर्वी कल्पनेने रचली आहे; की रिउफ्रेदमध्ये विलार्दागा आडनावाची तीन घराणी आहेत आणि रेमेई हे त्या पिढीतले सर्रास नाव आहे; की योगायोगाला पुरावा समजणे हा आळशी विचार आहे.

"आणि चिमटे?" नझिहा म्हणाली. "त्यांना चिमटे उघडता येत नाहीत, बाई. जूनमध्येसुद्धा. उन्हात उभ्या राहतात आणि बोटं फुंकत बसतात."

योगायोग आहे हे सिद्ध करायला म्हणून मी सर्व संतांच्या सणाला, दुपारी चार वाजता, ब्लांकेर्स गल्लीत गेले. सणाच्या बदामाच्या गोळ्या बेकरीतून बांधून घेतल्या होत्या. रिकाम्या हाताने कोणाकडे जाण्याची मला सवय नाही. नझिहा दारात उभी होती. तिने मला आत घेतले आणि भिंतीला टेकली.

खोलीत एक टेबल होते, दोन खुर्च्या, एक मोरी, एक पलंग आणि खिडकीबाहेर कपड्यांची दोरी. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बुरशीचा डाग होता. घड्याळ नव्हते, तसबीर नव्हती, खिडकीला पडदा नव्हता. इतकी वर्षे एकाच घरात राहिलेल्या माणसाभोवती जो निरुपयोगी पसारा आपोआप साठत जातो, तो मुळीच नव्हता. मी पडदा कोठे लिहिला होता का, हे मी मनातल्या मनात आठवू लागले आणि मग आठवणे थांबवले.

मोरीपाशी उभी असलेली म्हातारी वळली. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही, आणि त्याने मला क्षणभर धीर आला.

"या, बाई," ती म्हणाली. "तुमचे अक्षर अलीकडे थरथरते."

तिचे बोलणे गावातल्या म्हाताऱ्यांसारखे नव्हते. त्यात शब्द गिळलेले नव्हते, मध्येच सोडलेले नव्हते. कर्ता, कर्म, क्रियापद, प्रत्येक आपापल्या जागी, जणू कोणीतरी आधी कच्चे लिहून मग पक्के केलेले.

मी पुडा टेबलावर ठेवला. तिने एक गोळी उचलली आणि बोटांत धरून बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

"हे कशासाठी असते?"

"खा की आजी," नझिहा म्हणाली. "बदाम आणि साखर आहे. सणाचं आहे."

"बाईंनी मला वाळका पाव दिला होता," रेमेई म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. "चौथ्या धड्यात."

मी तिला भावाविषयी विचारले. हा प्रश्न मी मुद्दाम निवडला होता. खोडलेले वाक्य गेली पंचवीस वर्षे कोणाच्याही वहीत नव्हते.

"माझा भाऊ नदीत बुडाला. मी त्याचे प्रेत ओळखून आले. त्यानंतर तो बार्सेलोनात नोकरीला होता."

"पुढे?"

"पुढे तुम्ही काही लिहिले नाही."

नझिहाने माझ्याकडे पाहिले. मी खुर्चीत बसले. मग मी तो प्रश्न विचारला, जो न विचारता मी तेथून उठले असते तर पुढचे काहीच घडले नसते. मी विचारले, एका वाक्यानंतर दुसरे वाक्य येईपर्यंत तू काय करत होतीस?

"मी मोरीपाशी उभी असते."

"पण जुलै, ऑगस्ट? शाळेला सुटी असते. दोन दोन महिने?"

"मी मोरीपाशी उभी असते. एकोणीसशे ब्याण्णव साली तुम्हाला न्यूमोनिया झाला आणि तुमच्या जागी दुसरी शिक्षिका आली. ते वर्ष फार लांब होते." ती थांबली. "एप्रिलपासून नझिहा येते. ती मला बसवते."

नझिहा पुढे झाली, तिने म्हातारीच्या हातातली गोळी घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या तोंडात घातला. "चावा आजी. हां, अस्सं. गोड आहे ना?"

रेमेईने चावले. तिने पुष्कळ वेळ चावले.

त्या आठवड्यात मी घरी बसून विचार केला. जे आहे ते का आहे, हा प्रश्न मी बाजूला ठेवला; त्याचे उत्तर देण्याची पात्रता माझ्यात नाही, आणि अपात्र उत्तरे मी इतरांचीही कधी चालवून घेतली नाहीत. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढे मला येते. पुढच्या धड्यात 'कालिउ' हा शब्द होता. चुलीतली राख उकरल्यावर खालच्या निखाऱ्यांची जी ऊब लागते ती कालिउ, आणि माणसांनी भरलेल्या घराची ऊबही तीच. हा शब्द मी आजवर रेमेईच्या घरात ती नाही हे सांगायला वापरला होता. आता मी लिहिले: मुलगा परत आला आणि टेबलाशी बसला, तेव्हा रेमेईच्या घरात पुन्हा कालिउ आली.

वाक्य निर्दोष होते. गुरुवारी मी ते फळ्यावर लिहिले आणि पाचही जणांनी वहीत उतरवले. नझिहाने वर पाहून डोळ्यांनी माझे आभार मानले. चाळीस वर्षांत कोणी विद्यार्थ्याने मला तसे पाहिले नव्हते, आणि मला त्याचा अभिमान वाटला हे मी लपवत नाही.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला.

"बाई, मुलगा आलाय."

"चांगले झाले."

"तुम्ही या. तो बसलाय."

"बसू दे. त्याच्याशी बोल."

"बाई, तो नुसता बसलाय. सकाळी दार उघडलं तेव्हापासून. पाणी घेत नाही, उठत नाही. आजींनी त्याच्यासमोर ताट ठेवलं, त्या ताटाकडेसुद्धा बघत नाही."

"दिसतो कसा?"

"आत्ता बघून बाहेर आले मी. आणि मला सांगता येत नाही."

"घर गार आहे का?"

"नाही. शेगडी बंद आहे, तरी घर उबदार आहे. तेच तर."

मी लगेच गेले नाही. मी वही काढून वाक्य पुन्हा वाचले, आणि जी चूक मी पहिल्या वर्षाच्या मुलाला क्षमा केली नसती ती मला दिसली. फ्रान्सला गेलेल्या मुलाला मफलर होता, खोकला होता, सव्विसाव्या धड्यात त्याचे चिडके हसूही होते. परत आलेल्याविषयी मी काहीच लिहिले नव्हते. मुलगा, एवढेच, आणि आला, आणि बसला.

तोवर नझिहाने एव्हारिस्तोला गाठले होते. त्याने आधी तिची यथेच्छ चेष्टा केली, आणि मग कोणी भामटा म्हातारीच्या घरात घुसला असेल तर पाहावे म्हणून गणवेश चढवून गेला. संध्याकाळी पाच वाजता तो माझ्या दारात आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"मी त्याला ओळखपत्र मागितलं, बाई."

"मग?"

"त्यानं खिशात हात घालायला गेला." त्याचे वाक्य चुकले होते, मी ते दुरुस्त केले नाही. "खिसाच नव्हता. नुसता हात कोटावरून खालीवर फिरवत राहिला. मी म्हटलं राहू द्या, राहू द्या साहेब. तरी फिरवत होता. मी जिन्यावर आलो तरी..." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काढली. "मी पुन्हा कधी लॉटरीचं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. तो पाठमोरा बसला होता. मी टेबलाला वळसा घालून समोर गेले आणि त्याच्याकडे पाहिले, आणि तेथे डोळे, नाक, तोंड सर्व होते. पण नजर एका गोष्टीवरून दुसरीकडे नेली की पहिली उरत नव्हती. रेमेई मोरीपाशी उभी होती, शक्य तितकी दूर.

"हा माझा मुलगा नाही," ती म्हणाली. "माझ्या मुलाला खोकला होता."

"मी लिहीन," मी म्हटले. "मी खोकला लिहीन, मफलर लिहीन."

"लिहाच," नझिहा म्हणाली. "तो उठतो असं लिहा. निघून जातो असं लिहा. आजी मजेत आहेत असं लिहा. रोज लिहा ना बाई, तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

मी तिला बोलू दिले. मग मी तिला समजावले, की मजेत आहे असे लिहिले तर त्या क्षणाला मजा येईल आणि नंतर मोरी येईल. की प्रत्येक वाक्याला आणखी एक लागेल, त्या वाक्याला आणखी एक. की मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि माझ्या हातून काय सुटते ते टेबलाशी बसलेले आहे.

"मग थांबवा. काहीच लिहू नका."

"मी मोरीपाशी उभी राहीन," रेमेई म्हणाली.

"मी येते ना बसवायला! मी येतेच की!"

"तू आठवड्यातून तीन दिवस येतेस. तू प्रमुख झालीस की दुसरी कोणी येईल, आणि ती मला बसवायला विसरेल." रेमेईने हात एप्रनला पुसले, जरी ते ओले नव्हते, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, बिशपला दिलेला शब्द मला द्या."

एव्हारिस्तोने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. नझिहाने तो शब्द नुकताच घरी करून आणला होता, अर्थ आणि वापरासकट. तिला विचार करावा लागला नाही.

"नाही," ती म्हणाली. "नाही, आजी. माझी आई नादोरला वारली तेव्हा मला बोटीचं तिकीट मिळालं नाही. मी तिला न्हाऊ घातलं नाही, काही नाही. तुम्हाला मी रोज..." ती खाली बसली आणि म्हातारीचे पाय धरून राहिली. "मग मी शुक्रवारी कुणाकडे येऊ?"

रेमेईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथे कसा ठेवायचा हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि तो थोडा बाजूला, खांद्याकडे घसरला. तिने तो उचलून पुन्हा ठेवला.

"मी तुला सांगते आहे, म्हणून हो म्हण," ती म्हणाली. "मला आजवर कोणी विचारले नव्हते. तू विचारलेस, बाईंना, माझी परवानगी घेतली का म्हणून. ती मी आता देते."

नाताळच्या आधीच्या गुरुवारी वाचनालयात पाचही जण वेळेवर आले. बाकीच्या तिघांना एव्हारिस्तोने सांगितले होते. ते ब्लांकेर्स गल्लीत जाऊन आले होते आणि त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी प्रस्ताव मांडला. जानेवारीत तीन राजांचा सण झाल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, भर दुपारी, मी एक वाक्य लिहीन. त्यात त्रास्पास हा शब्द असेल, पलंग असेल, झोप असेल, वेदना नसेल. वाक्य लहान असेल, कारण लांब वाक्यात निसटायला जागा असते.

"एकट्या असतील का त्या?" नझिहाने विचारले. "वाक्यात?"

"तू खोलीत असशील."

"वाक्यात, बाई. मला घाला वाक्यात. आजींचा हात धरलाय असं लिहा."

मी नाही म्हटले. जिवंत माणसाचे नाव मी कधी उदाहरणात घेतलेले नाही, आणि आता तर नाहीच. "एकदा तुला लिहिले," मी म्हटले, "तर पुढच्या दोन वाक्यांच्या मध्ये तू कोठे उभी असशील, ते मला ठाऊक नाही." मग नझिहाने वही मिटली आणि हात वर केला. बाकीच्या चौघांचे हात तिच्या आधीच वर होते.

राहिली पुढच्या वर्षीची वाक्ये. सप्टेंबरात नवा वर्ग येणार. नऊ नावे तेव्हाच नोंदली गेली होती. शब्दांची यादी प्रमाणपत्र देणारे परीक्षा मंडळ ठरवते, मी नव्हे, आणि तीत बुरशी, उपास, बधिरपणा, विरह हे शब्द आहेतच. मी विचारले, आपले नाव कोण देईल? कोणीही पुढे आले नाही. मी स्वतःचे नाव देऊ का, हाही प्रश्न मी त्यांच्यासमोर ठेवला, आणि एव्हारिस्तो घाईने म्हणाला, "छे छे, तुम्ही गेलात तर शिकवणार कोण?" मी आग्रह धरला नाही.

"मग तो आहेच की," एव्हारिस्तो म्हणाला. "नाहीतरी बसलेलाच आहे. त्याचं असं काय आहे जे जाईल?"

मी नझिहाला नावाने हाक मारून विचारले. संमती स्पष्ट असावी लागते. "त्याला एक नाव द्या निदान," ती म्हणाली. "आणि खिसे द्या." हे मान्य झाले. गेर्वासी हे नाव सुचले, त्यालाही हरकत आली नाही. अशा रीतीने पाचांची संमती झाली, रेमेईची आधीच होती, माझी होती.

त्याची राहिली होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी एकटी गेले. रेमेई पलंगावर झोपली होती. नझिहाने तिचे केस विंचरून वेणी घातली होती. मी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्याला सर्व काही पूर्ण वाक्यांत सांगितले: जानेवारीत काय होणार, सप्टेंबरपासून काय होणार, नाव कोणते, घर हेच. त्याने ऐकले की नाही ते कळत नव्हते. मग त्याने पहिल्यांदाच तोंड उघडले. आवाज तरुण होता.

"ती गेली की मला वाईट वाटेल का?"

मी वही उघडून पाहिले, कारण चुकीचे उत्तर द्यायचे नव्हते.

"तो शब्द एकोणिसाव्या धड्यात आहे," मी म्हटले. "पुढच्या वर्षीच्या वर्गात, फेब्रुवारीत."

त्याने थोडा विचार केला, आणि मग संमती दिली.